फवारणीचा हिशेब: स्वागताध्यक्षांचे भाषण



सुरतेत आपले मनापासून स्वागत. जळगाव-धुळ्याहून आलेल्यांना हे शहर परके वाटणार नाही. तापी तिकडूनच इथे येते आणि लिंबायत, उधना भागांत घराघरांत अहिराणी ऐकू येते.

भुईमुगाला पानांतून खत द्यावे का, या प्रश्नावरच्या चर्चेसाठी ही जागा योग्यच आहे. हजिऱ्यात कृभकोचा युरिया तयार होतो. शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडाच्या रसापासून द्रवरूप पोषक खत बनवले. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला जेएल-२४ हा भुईमुगाचा वाण तर तुम्हां-आम्हां सर्वांच्या ओळखीचा.

फवारणीचा गुण मी नाकारत नाही. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात. लोह जमिनीत असते, पण पिकाला लागू होत नाही. अशा वेळी ०.५ टक्के हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी पिकाला सावरते. पण हिशेबही मांडू या. २ टक्के युरियाची फवारणी म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरले, तर ४ किलो युरिया आणि जेमतेम १.८४ किलो नत्र. एवढ्यावर पीक पोसले जात नाही. मात्रा वाढवावी तर पाने करपतात. कॅल्शियमचे तर आणखीच वेगळे. पानात गेलेले कॅल्शियम खाली शेंगेत उतरत नाही. आऱ्या जमिनीत शिरल्यावर शेंग ते भोवतीच्या मातीतूनच घेते. म्हणून मातीतच जिप्सम द्यावे लागते. ते चुकले तर शेंगा पोचट राहतात, मग वरून कितीही फवारा.

हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही. तिथे बाटली मिळते, माती परीक्षणाचा सल्ला क्वचितच.

त्यामुळे शास्त्रज्ञ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. ज्या प्रयोगांत फवारणीने काहीच फरक पडला नाही, तेही इथे मांडा. झाडाची उंची आणि फांद्या मोजताच. सोबत शेंगांतील दाण्याचे प्रमाण, तेलाचा उतारा, औषध-मजुरीचा खर्च आणि हाती उरलेले पैसे सांगा. शेतकरी बांधवांनीही मध्येच उठून विचारावे, त्यासाठी प्रत्येक सत्रात वेळ राखून ठेवला आहे.

मी पहिल्या सत्राची सूत्रे अध्यक्षांकडे सोपवतो.