शाळेचे दार बंद होते तेव्हा

(कार्ले येथे वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेत एका प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)





महामारीच्या काळात शिक्षकाचा संसार आणि त्याची नोकरी कशी चालली, यावर मी बोलावे अशी संयोजकांची आज्ञा आहे. मी वक्ती नव्हे. पाटी, खडू आणि हजेरीपट यांतच माझे आयुष्य गेले. परंतु नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली काही कुटुंबे आज माझ्यासमोर बसली आहेत. जे बोलायचे ते मुख्यतः त्यांच्याशीच बोलेन, इतरांनी राग मानू नये.

आपणांस ते दिवस आठवत असतील. 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच आढळले. आठवड्याभरात शाळा बंद झाल्या आणि 24 मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश घरात कोंडला गेला. मळवली स्टेशनात लोकल थांबेनाशी झाली. लोणावळ्याची हॉटेले, बंगले, चिक्कीची दुकाने यांना कुलपे लागली. एकवीरेच्या पायऱ्यांवर हार-नारळ विकणारे, लेण्यांच्या वाटेवर लिंबूसरबत विकणारे, बंगल्यांत झाडलोट आणि धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणी, सारे एका रात्रीत रिकामे झाले. आपल्या मुलुखाची चूल पाहुण्यांच्या येण्यावर पेटते, हे तेव्हा नीट कळले. त्यातच 3 जूनला निसर्ग वादळ मावळावरून गेले आणि कित्येकांच्या घरांवरचे पत्रे उडाले. ज्या घरात अन्न नव्हते, तेथे छप्परही राहिले नाही.

त्या दिवसांत एक शब्द घरोघर येऊन बसला. तो शब्द 'अंतर'. दुकानापुढे चुन्याचे गोल आखले गेले, माणसे एकमेकांपासून दूर उभी राहू लागली. ते आवश्यकच होते. पण त्याचबरोबर काही शहाणी माणसे म्हणू लागली, "पाहा, आमच्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे शास्त्रशुद्धच होते!" हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जाई, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' या 1936 सालच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ते मडके म्हणजे आरोग्यरक्षण होते, असे आता आम्हांस शिकवले जाणार होते काय?

माझ्या वर्गातील सहावीच्या एका मुलाने मला विचारले, "बाई, आजी म्हणते, पूर्वी आपल्याला असंच लांब बसवायचे. तेव्हा कोणता रोग होता?" मी त्याला सांगितले, "रोग होता बाळा, पण तो आपल्या अंगात नव्हता." मग फळ्याऐवजी अंगणातल्या मातीवर काडीने दोन रकाने आखून मुलांना समजावले. साथीचे अंतर ठरावीक दिवसांचे असते. ते कलेक्टरसाहेबांस आणि हमालास सारखेच असते. रोगी बरा झाला की ते संपते. विटाळाचे अंतर जन्माबरोबर चिकटे, ते एकाच बाजूच्या माणसांना असे आणि त्याला औषध नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 मध्येच 'सामाजिक अंतर' हा शब्द मागे ठेवून 'शारीरिक अंतर' म्हणण्यास सुरुवात केली. अंतर शरीराने ठेवायचे होते, समाजाने नव्हे. तुमच्या मुलांना हे कोणी उलटे सांगितले, तर ते दोन रकाने त्यांना पुन्हा आखून दाखवा.

आता माझ्या घराकडे येते. यजमान लोणावळ्यात एका हॉटेलात कामाला होते. कित्येक महिने त्यांना पगार नव्हता. मुलगा दहावीत गेलेला, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. घरात धड चालणारा मोबाइल एकच. सकाळी दहाला माझा वर्ग आणि दहालाच मुलाचा तास. आम्ही मायलेक त्या एका यंत्रासाठी रोज भांडत असू. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दुसरीकडे मुलांची नावे पुकारायची. मधूनच सासूबाईंनी हाक मारली की मुलांना ऐकू जाई आणि ती हसत. पुरुष शिक्षकांना हा कुकर मोजावा लागत नव्हता, एवढे येथे नमूद करून पुढे जाते.

शाळा बंद, तरी शिक्षकाला सुट्टी नव्हती. कोणी नाक्यावर पहाऱ्याला, कोणी रेशन दुकानावर. शालेय पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ-कडधान्य मोजून पालकांच्या पिशव्यांत घालायचे काम होते. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली, तेव्हा आशाताईंबरोबर दारोदार जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजायचा. आम्ही कुरकुर केली. पण शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यातच लिहिले आहे की, शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण या कामांखेरीज शाळेबाहेरचे काम देता येत नाही. आपत्ती तर समोर होती.

आणि आम्हा शिक्षिकांना एक पूर्वसूरी आहे. 1897 साली पुण्यात प्लेग आला. त्याच साली साथीच्या रोगांचा कायदा झाला, जो मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू केला गेला. 1848 पासून मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या. तो मुलगा वाचला. त्यांना मात्र प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या पंक्तीला बसवून गुरू मानले, त्यांची ही सहधर्मचारिणी. ज्या वाड्याच्या सावलीची लोकांना भीती वाटे, त्या वाड्यातील मूल तिने पाठीवर घेतले.

भगवान बुद्धांचीही एक कथा विनयपिटकात आहे. नवीन मंडळींनी ती घरी मुलांना सांगावी. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून निजवले. मंत्र नाही, अंगारा नाही. पाणी आणि दोन हात. आमच्याच वस्तीत त्या काळी 'कोरोनामाई'ची लिंबे उतरवून टाकलेली मी पाहिली, आणि त्यांत दीक्षा घेतलेली घरेही होती. त्या घरांना मी हसणार नाही. भ्यालेला माणूस हाताला लागेल ते धरतो. पण एप्रिल 2021 मध्ये माझ्या सासूबाईंना ताप आला, तेव्हा आम्ही लिंबू नव्हे, बोटाला लावायचे यंत्र धरले. आकडा उतरताच त्यांना दवाखान्यात नेले. म्हणून त्या आज या सभेत पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

यापुढचे सांगताना मला संकोच वाटतो.

माझ्या सहावी-सातवीच्या वर्गात 26 मुले होती. दर महिन्याला वर एक तक्ता जाई: किती विद्यार्थ्यांपर्यंत शिक्षण पोहोचले? माझ्या मोबाइलवरील गटात 24 पालकांचे क्रमांक होते, म्हणून मी 24 लिहीत असे. तीन महिने मी तोच आकडा लिहिला. पुढे मोहिमेच्या निमित्ताने घरोघर गेले आणि डोळे उघडले. दिवसा ज्या घरात मोबाइल राही अशी घरे होती नऊ. बाकीच्यांचा मोबाइल बापाबरोबर कामाच्या शोधात बाहेर जाई, किंवा त्यात पैसे भरलेले नसत. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे, पण वादळानंतर कित्येक घरांतील दूरदर्शन संच बंदच होते. मी लिहिलेला आकडा खोटा नव्हता आणि खराही नव्हता. शाळेच्या दाराशी आपल्या मुलाला अडवणारा कोणी मनुष्य आता उभा नव्हता, तरी मूल बाहेरच राहिले होते, आणि या वेळी हजेरीपटावर ते आत असल्याचे मीच लिहिले होते.

मग मी ओट्यांवर शिकवायला सुरुवात केली. पाच-पाच मुले, तोंडाला फडके, आठवड्यातून दोनदा. एका आजोबांनी शेळ्या बांधायची पडवी झाडून-सारवून दिली. दुसऱ्या घराने ओटा दिला. एका बाईंनी आपल्या दाराचा काळा रंग फळा म्हणून वापरू दिला, आणि तिच्या घरच्यांनी त्याबद्दल तिला बोलही लावले. अकरावी-बारावीची दोन मुले लहानांना वाचून दाखवू लागली.

समोरच्या डोंगरातील चैत्यगृह आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या खांबांवर अक्षरे आहेत, तीही वाचा. तो चैत्य कोण्या एका राजाने बांधला नाही. एकेक खांब एकेका माणसाने दिला, आणि धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, असे तेथे कोरलेले आहे. गंधाचा व्यापार करणारे, यवन, गृहस्थ, भिक्खुणी अशी दात्यांची नावे आहेत. याच जागेचे जुने नाव वलूरक. येथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने एक गाव दिल्याचाही लेख आहे. मी ओट्यावर शिकवत असताना तो सुतार मला फार आठवे.

परंतु ओट्यांनी सारी मुले सावरली नाहीत. ज्यांची नावे जून 2020 मध्ये पहिलीत घातली, त्या ग्रामीण मुलांसाठी वर्ग उघडण्याची परवानगी मिळाली 1 डिसेंबर 2021 रोजी. आणि जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद! पहिलीचा वर्ग न पाहताच मूल अर्धी दुसरी झाले. तुमच्यापैकी कोणाचे मूल आज वाचताना अडखळत असेल, तर त्याला 'ढ' म्हणू नका. त्याची दीड वर्षे कोणी नेली, ते आठवा आणि शाळेत जाऊन जादा तासांची मागणी करा.

पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारी 2021 पासून उघडू लागले. मी हजेरी घेतली, आणि सातवीतील एका मुलीच्या नावाला उत्तर आले नाही. तिची आई बंगल्यांवर धुणीभांडी करी. ते काम सुटल्यावर कुटुंब भोसरीकडे बांधकामावर गेले होते. वादळानंतर एकदाच मी तिच्या घरी गेले होते; त्यानंतर जाणे झाले नाही. ती माझी चूक. एका रविवारी पत्ता काढून गेले. ती वाळूच्या ढिगाशी दोन धाकट्या भावंडांना सांभाळत बसली होती. तिचा बाप म्हणाला, "बाई, नाव घालायचं तर दाखला लागणार. दाखला आणायचा तर एक रोज बुडणार. रोज बुडाला तर खायचं काय?"

म्हणून नवीन कुटुंबांनी हे नीट ऐकावे. सहा ते चौदा वयाच्या मुलाचे शिक्षण हा राज्यघटनेच्या 21-क कलमाने दिलेला मूलभूत हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणासाठी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही, म्हणूनही नाकारू शकत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून त्याची खास तयारी करून घेणे शाळेला बंधनकारक आहे, आणि अशा मुलाची चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईतो ते विनामूल्यच असते. आणि अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला तर मुलाची सवलत जाईल ही भीतीही मनातून काढा. 1990 मध्ये झालेल्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले आहेत.

त्या मुलीचे नाव मी जवळच्या शाळेत घालून दिले. ती जेमतेम काही आठवडे गेली. मग दुसरी लाट आली, शाळा पुन्हा बंद झाली. नंतर मी गेले तेव्हा ती इमारत पूर्ण झाली होती आणि मजूर दुसरीकडे गेले होते. मोबाइल लागला नाही. आता ती सज्ञान झाली असेल. तिची भूमितीची वही माझ्या कपाटात आहे.

या सभेनंतर दाराशी एक कागद ठेवला आहे. आपल्या घरातील, आणि आपल्या शेजारी कामाला म्हणून येऊन राहिलेल्या कुटुंबांतील, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव त्यावर लिहा. शाळेत जात असो वा नसो. लिहिता येत नसेल तर सांगा, ही मुले लिहून घेतील. रविवारी चार ते सहा मी विहारात बसेन. लोणावळ्याकडे जी नवी बांधकामे चालली आहेत, तेथे माझ्याबरोबर फिरायला मला दोन तरुण हवे आहेत. एक नाव आले आहे, दुसरे हवे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.