सीमेवरच्या गावाला विचारले तेव्हा
(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



युरोपात कायदे करताना जनतेला विचारतात, एवढे आपण ऐकून असतो. स्वित्झर्लंडमध्ये संसदेचा कायदा पटला नाही तर १०० दिवसांत ५० हजार सह्या गोळा करायच्या, की तो मतदानाला जातो. राज्यघटनेत बदल हवा असेल तर १८ महिन्यांत एक लाख सह्या. सह्या मतदारयादीशी ताडून पाहतात. आम्हा बँकवाल्यांना हे विशेष पटते! मात्र याच पद्धतीने १९५९ साली तिथल्या पुरुषांनी बायकांचा मताधिकार नाकारला होता. तो १९७१ मध्ये मिळाला. तेव्हा भाबडेपणाने कौतुक नको.

पण आपण सीमाभागातली माणसे. आपल्याला जवळची गोष्ट ज्युराची.

ज्युरा हा मुख्यतः फ्रेंच बोलणारा डोंगराळ मुलूख. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत बड्या सत्तांनी तो जर्मनभाषक बहुसंख्येच्या बर्न राज्याला जोडून टाकला. तिथल्या लोकांना कोण विचारतो? पुढे आंदोलने झाली, जाळपोळही झाली. शेवटी १९७० मध्ये बर्नच्याच मतदारांनी मान्य केले, की या मुलखाने आपले आपण ठरवावे. २३ जून १९७४ रोजी मतदान झाले. वेगळ्या राज्याच्या बाजूने ३६,८०२, विरोधात ३४,०५७.

खरी कमाल पुढे आहे. एवढ्या निसटत्या बहुमतावर सगळा मुलूख उचलून दिला नाही. विरोधात गेलेल्या तालुक्यांना पुन्हा मत देण्याची सोय होती, आणि त्यानंतर हद्दीवरच्या गावांना. दक्षिणेचे तीन तालुके फ्रेंचभाषकच, पण प्रोटेस्टंट, उत्तर कॅथलिक. १९७५ मध्ये दक्षिणेने बर्नमध्येच राहायचे ठरवले. म्हणजे भाषा एक असूनही मन एक नव्हते. हे आपल्याला ऐकायला कडू लागेल, पण ऐकले पाहिजे. १९७८ साली साऱ्या देशाने मत देऊन नव्या राज्याला मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ रोजी ज्युरा राज्य झाले.

मूतिए हे हद्दीवरचे गाव तरीही धुमसत राहिले. २०१७ मध्ये तिथे १३७ मतांनी ज्युराचा पक्ष जिंकला, पण मतदारयादीतल्या रहिवासाबद्दल आक्षेप निघाले आणि निकालच रद्द झाला. २०२१ मध्ये कडक देखरेखीखाली पुन्हा मतदान झाले, पुन्हा ज्युराच. १ जानेवारी २०२६ पासून मूतिए ज्युरात आहे.

आपल्याकडे गोव्याला १६ जानेवारी १९६७ रोजी विचारले. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. आपल्यापैकी अनेकांना तो कौल बोचला, पण कौल तो कौल. बेळगावला १९५६ साली असे मतदान मिळाले नाही. महाजन आयोग आला, अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

सार्वमताची मागणी सभेत टाळ्या घेते. पण घटक कोणता, जिल्हा, तालुका की गाव? मतदारयादी कोणत्या वर्षाची? आणि एखाद्या मराठी गावाने नको म्हटले तर? पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने निदान आपल्या गावापुरते उत्तर घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे.