घरातील मारहाण : विचारावे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार गोड शब्द बोलावेत असा रिवाज आहे. मला दिलेला विषय मात्र कडू आहे. पण घरातील मारहाणीविषयी आपण बायकांनी आपल्या मंडळात बोलावयाचे नाही, तर मग कोठे बोलावयाचे?

गुन्ह्यांचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. या विषयात त्या अभ्यासकांना पहिली अडचण मोजणीचीच येते. घरात चोरी झाली की माणूस आपण होऊन चौकीवर धावतो. नवऱ्याने हात उगारला तर बाई चौकीवर जात नाही. शेजारणीने विचारले तर “न्हाणीघरात घसरले” म्हणते. म्हणून पोलिसांच्या दप्तरातला आकडा एक आणि खरा आकडा दुसराच. जो दप्तरात येतच नाही, त्याला हे अभ्यासक ‘अंधारातला आकडा’ म्हणतात. दप्तरातला आकडाही काही लहान नाही. 2022 साली देशात स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या 4,45,256 नोंदी झाल्या. त्यांत शंभरांत एकतीस या नवरा किंवा सासरच्या मंडळींनी केलेल्या छळाच्या होत्या.

मग अंधारातले शोधावयाचे कसे? त्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते. आपल्या देशात हे काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत होते. मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे, ती ही पाहणी चालवते. विचारण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारतात, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना विषय कळत नाही. विचारताना जवळ तिसरे कोणी नसावे लागते. एकांत मिळालाच नाही, तर ते प्रश्न सोडून देतात. पण चारचौघांत विचारीत नाहीत. आणि “तुमचा छळ होतो का?” असे तर विचारीतच नाहीत. त्याऐवजी नवऱ्याने कधी थप्पड मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, ढकलले का, लाथ मारली का, गळा दाबला का, असे एकेक विचारतात. कारण भगिनींनो, पुष्कळ बायका थपडेला मार म्हणतच नाहीत. “छळ नाही हो, कधीतरी हात उचलतात एवढेच,” हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही?

असे विचारल्यावर 2019 ते 2021 च्या पाहणीत काय निघाले ते सांगते. अठरा ते एकोणपन्नास वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरांत एकोणतीस जणींनी कधी ना कधी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसली होती. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण घरखर्चाची वही लिहिणारीला शंभरांत एकोणतीस म्हणजे काय ते समजते. या सभागृहातल्या खुर्च्यांच्या रांगा पाहा आणि मनातल्या मनात मोजा.

पुढचा आकडा मला त्याहून जड वाटला. मारहाण वा जबरदस्ती सोसलेल्या बायकांत मदत मागितली ती शंभरांत चौदा जणींनी, आणि सत्याहत्तर जणींनी कोणालाही अवाक्षर सांगितले नाही. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीलाही नाही.

का नाही सांगितले? याचे थोडे उत्तर त्याच पाहणीत आहे. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे रास्त आहे का, असे विचारले, तेव्हा शंभरांत पंचेचाळीस बायका निदान एका कारणाला “हो” म्हणाल्या, पुरुष चव्वेचाळीस. सर्वांत अधिक पटलेले कारण म्हणजे सासू-सासऱ्यांचा मान राखला नाही. म्हणजे ज्यांच्यापाशी ती बोलणार, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणी आधी विचारणार, “तू काय केलेस?” मग ती कशाला बोलेल? आपण म्हणतो, दारूने घरे बुडाली. खरेच आहे, दारुड्याच्या घरी मारहाण फार अधिक आढळते. पण न पिणाऱ्यांच्या घरीही पाचांत एकीहून अधिक जणींनी मार सोसल्याचे सांगितले. तेव्हा सगळे खापर बाटलीवर फोडून चालणार नाही.

आता आपल्या हाती काय आहे? 2005 साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. त्यात बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आणि तक्रार तिनेच द्यावी असे बंधन नाही. शेजारीण, मैत्रीण, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर खटला होत नाही. “दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा?” हे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. शिवाय 181 या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. पोलिसांच्या आवारात स्त्रियांसाठी विशेष कक्ष असतात. त्यांतला पहिला मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने निघाला.

माझी मंडळाला विनंती एवढीच. हळदीकुंकवाला, भजनाला, भिशीला आपण भेटतोच. एखादीच्या हातावर वळ दिसला, तर तो चारचौघींत बोलून दाखवू नये. तिला एकटीला गाठावे आणि त्या पाहणीवाल्या बायकांसारखे साधे, नेमके विचारावे. “तू काय केलेस?” हा प्रश्न तोंडातून काढू नये. ती सांगेल ते नवऱ्याच्या वा सासूच्या कानी जाऊ देऊ नये. तिच्या मनाविरुद्ध घाई करू नये. मात्र जिवावरचा प्रसंग दिसला तर क्षणभरही थांबू नये. आणि आपल्यांपैकी ज्या सासवा झाल्या आहेत त्यांनी आपल्या मुलाचा उगारलेला हात धरावा. तो धरण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाचा नाही.

पुढच्या वर्धापनदिनापर्यंत त्या सत्याहत्तर जणींपैकी एक जरी आपल्यापाशी बोलली, तरी या वर्षाचे काम झाले असे मी समजेन.