फोटो आहेत, नावे हवीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 15 मिनिटे दिली आहेत. मागच्या बाजूने रश्श्याचा वास यायला लागला आहे, तेव्हा ती 15 मिनिटे मी पाळणार, काळजी नसावी.

गेल्या दीड वर्षात तुम्ही समितीकडे दिलेले फोटो आता 11 हजारांच्या पुढे गेले आहेत. काळा बुरखा डोक्यावर घेऊन तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याने काढलेले वर्गाचे फोटो त्यात आहेत. गॅदरिंगचे आहेत, प्रभातफेरीचे आहेत, राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला नेलेल्या सहलीचे आहेत. आणि मोबाइल आल्यापासूनचे तर विचारूच नका. एका 15 ऑगस्टच्या ध्वजवंदनाचे 400 फोटो आले आहेत. झेंडा एकच.

हे सगळे लावायचे कशात, असा प्रश्न आला तेव्हा अर्धी मंडळी म्हणाली, "गुगलवर टाका, झाले." उरलेली म्हणाली, "पेन ड्राइव्हवर घाला आणि शाळेच्या कपाटात ठेवा." आम्ही दोन्ही केले नाही. का केले नाही, ते सांगतो.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ इथे बसलेल्या कुणाला आठवून द्यायला नको. कौले गेली, पत्रे उडाले, वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या भिजलेल्या घरांतून वाचलेले आल्बम आमच्याकडे आले. चिकट पानांच्या आल्बममधले फोटो सोडवता सोडवता नाकी नऊ आले, पण सुटे ठेवलेले जुने काळे-पांढरे फोटो चांगले टिकले होते. वाळवले, पुसले, चेहरे स्वच्छ दिसले. मात्र त्यांच्या पाठीवर शाईच्या पेनाने लिहिलेली नावे निळ्या डागात वाहून गेली होती. 42 मुले रांगेत उभी आहेत, आणि कोण कोण ते कळायला मार्ग नाही.

सॉफ्टवेअर निवडताना आम्ही हाच मुद्दा धरून बसलो. आपण टाइप केलेले नाव नेमके कुठे लिहिले जाते? फोटोच्या फाइलमध्ये, की सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत? वहीत असेल तर ज्या दिवशी ते सॉफ्टवेअर बंद पडेल, त्या दिवशी फोटो आपल्याकडे राहतील आणि नावे जातील.

सॉफ्टवेअर बंद पडतात हो. पिकासा तुमच्यापैकी पुष्कळांनी वापरले असेल. फुकट होते, सोपे होते, मलाही फार आवडायचे. 2016 साली गुगलने ते बंद केले. त्यात फोटोखाली लिहिलेली ओळ फोटोच्या फाइलमध्ये जायची, पण चेहऱ्यांना दिलेली नावे, तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर, फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये राहायची. फोटो दुसरीकडे नेला की नावे मागेच. गुगल फोटोज 2015 साली आले तेव्हा कितीही फोटो ठेवा म्हणाले. 1 जून 2021 पासून ते थांबले, आता ई-मेल वगैरे सगळे धरून 15 जीबी फुकट मिळतात. शिवाय तिथे लिहिलेले वर्णन मूळ फोटोत जात नाही, सगळे उतरवून घेतले की ते बाजूच्या वेगळ्या फाइलमध्ये मिळते. घरच्या फोटोंसाठी वापरायला माझी काहीच हरकत नाही, मीही नातवाचे फोटो तिथेच ठेवतो. शाळेच्या संग्रहाचा तो एकमेव आधार नको, इतकेच.

लाइटरूम हे व्यावसायिक छायाचित्रकारांचे हत्यार. उत्तम आहे, पण त्याला कायमची वर्गणी लागते, आणि आपल्या मंडळाची वर्गणी कशी जमते हे खजिनदारांना विचारा.

शेवटी आम्ही डिजिकॅम घेतले. 2001 पासून चालू असलेले, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, इंटरनेट लागत नाही. दिसायला जरा बोजड आहे, पहिले दोन दिवस डोके उठते. पण नाव, वर्ष, प्रसंग हे सगळे फोटोच्या फाइलमध्ये लिहायची सोय त्यात आहे. सेटिंगमध्ये तशी खूण केलेली आहे ना, हे आधी बघावे लागते. आम्ही परीक्षाही घेतली. एका फोटोला नावे दिली, तो पेन ड्राइव्हवर घेतला, डिजिकॅम नसलेल्या दुसऱ्या संगणकावर नेऊन राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. नावे तिथे, मराठीत, जशीच्या तशी होती. तुम्ही घरी कुठलेही सॉफ्टवेअर वापरा, ही परीक्षा मात्र पहिल्या 10 फोटोंवर घ्या. 5 हजार झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

मराठीत म्हटले, त्यावर थोडे बोलतो, कारण ही अडचण आपलीच आहे. फोटोत शब्द लिहायची जी जुनी पद्धत आहे, आयपीटीसी नावाची, तिच्यात एका शब्दखुणेला 64 बाइट जागा आहे. इंग्रजी अक्षराला 1 बाइट पुरतो. युनिकोडमध्ये देवनागरीचे एकेक अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, प्रत्येकाला 3 लागतात. म्हणजे जेमतेम 21 चिन्हे. 'दत्तात्रेय' लिहिण्यातच 10 संपतात. वडिलांचे नाव आणि आडनाव कुठे बसवणार? एक्सएमपी ही नंतरची पद्धत, तिच्यात ही मर्यादा नाही. म्हणून एक्सएमपीत लिहिणारे सॉफ्टवेअरच घ्यायचे. आणि टाइप युनिकोडमध्येच करायचे. काही बॅचच्या याद्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आल्या होत्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांची भेळ. सगळी नावे पुन्हा टाइप केली.

चेहरे आपोआप ओळखण्याची हल्ली फार तारीफ होते. मदत होते, खोटे नाही. पण एकसारखा गणवेश, तेल लावून चप्प बसवलेले केस, उन्हाने बारीक केलेले डोळे, यापुढे यंत्र काय करणार? पाचवीतला मुलगा आणि दहावीतला तोच मुलगा त्याला दोन वाटतात, आणि सख्ख्या दोन बहिणी एक वाटतात. आमच्या वेळी सरांचेही तेच व्हायचे.

मुलींच्या नावांवर समितीत बरीच चर्चा झाली. शाळेच्या पटावर माहेरचे नाव, आजच्या यादीत सासरचे. शोधणारी मैत्रीण माहेरच्या नावाने शोधणार, तिची मुले सासरच्या नावाने. आम्ही दोन्ही लिहितो, पटावरचे आधी. टोपणनावही लिहितो, कारण एका बॅचमध्ये तीन बाळ्या निघाले आणि पटावर बाळ एकही नाही. आमच्या मुसलमान दोस्तांची नावे पटावर लिहिणाऱ्याने कशीही लिहिली आहेत, तिथे ज्याचे नाव त्याला विचारून घेतो.

वर्षही असेच. स्कॅन केलेल्या फोटोला संगणक स्कॅनचीच तारीख लावतो, मग 1974 चा निरोप समारंभ गेल्या मार्चमध्ये झाला असे दिसते. आम्ही फोल्डरला शालेय वर्ष देतो, 1973-74 असे, आणि खात्री नसेल तर 'अंदाजे' ही वेगळी खूण करतो.

एक विनंती. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवू नका. तो लहान होतो आणि आतली माहितीही पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हा संग्रह इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. त्यात लहान मुले आहेत, आणि आपला फोटो चार लोकांत फिरू नये असे वाटणाऱ्या भगिनीही आहेत. तीन हार्ड डिस्कवर तीन प्रती आहेत. एक इथे, एक मुंबईत, आणि एक मुद्दाम समुद्रापासून दूर, पुण्यात. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही उघडून बघायच्या असे ठरले आहे.

आता खरी गोष्ट. 11 हजारांपैकी नावे पूर्ण झालेले फोटो 2 हजारही नाहीत. 1971-72 च्या एका वर्गफोटोत तो देणाऱ्या गृहस्थांना 7 जण ओळखता आले. तोच फोटो आम्ही बाईंच्या घरी नेला. भिंग घेऊन, चहा गार होऊ देत, त्यांनी 31 ओळखले. कोण कुठल्या आळीतला, कोणाची फी कोण भरायचे, तेसुद्धा सांगितले. शाळेची घंटा वाजवणाऱ्या मामांनी गणपतीत बसून त्याच्या पुढच्या वर्षाच्या फोटोतली 22 नावे दिली. उरलेल्यांसाठी दिवाळीनंतर या म्हणाले होते. दिवाळीच्या आधीच मामा गेले. त्या फोटोत 16 जण अजून तसेच आहेत.

म्हणून आज जेवण झाल्यावर कोणी लगेच एस.टी. गाठू नका. सातवीच्या वर्गात पडदा लावला आहे, आपल्या दोन विद्यार्थिनी टाइप करायला बसणार आहेत. 1980 च्या आधीच्या बॅचनी पहिल्यांदा यावे, त्यांच्यासाठी पुढचे बाक राखून ठेवले आहेत. चष्मा विसरला असेल तर दारापाशी भिंग आहे. घरून आल्बम आणले असतील तर फोटो ओढून काढू नका, आल्बमसकट द्या, इथेच स्कॅन करून संध्याकाळी परत देऊ. मामांचा तो फोटो आम्ही पहिला लावणार आहोत.