टाके की चिकटद्रव्य?

दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जोडलेल्या बालकाच्या आईला दोन चिंता असतात. व्रण कितपत दिसेल, आणि टाके काढताना मूल किती आक्रंदेल? चेहऱ्यावरील टाके पाचव्या दिवसाच्या सुमारास काढावे लागतात. तान्हे मूल तेव्हा स्वस्थ थोडेच राहते! कित्येकदा त्याला पुन्हा गुंगी द्यावी लागते.

हा दुसरा प्रसंग त्वचा चिकटविणाऱ्या द्रव्याने टळतो. सायनोॲक्रिलेट हे त्याचे नाव. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना ते प्रथम गवसले, तेव्हा ज्याला त्याला चिकटते म्हणून बाजूस सारले गेले होते! त्याचाच त्वचेस मानवणारा एक प्रकार १९९८ साली तेथे जखमांसाठी मान्य झाला. त्वचेवरील ओलाव्याने ते लवकरच घट्ट होते व पाच ते दहा दिवसांत आपोआप गळून पडते.

व्रणाच्या बाबतीत चाचण्यांतून दोहोंत विशेष अंतर दिसले नाही. मात्र चिकटविलेली जखम उकलण्याचा संभव किंचित अधिक. म्हणूनच शल्यविशारद स्नायू व आतील थर विरघळणाऱ्या टाक्यांनी आधी जोडतो, आणि कडांवरचा ताण गेल्यावरच वरून हे द्रव्य लावतो. टाके सुटले ते वरचे, आतले नव्हेत. ओठाच्या ओल्या भागी तर टाकाच हवा.

घरी त्यावर मलम वा व्हॅसलीन लावू नये. त्याने ते सैल पडते. आणि बाजारातील चिकटवण्याची नळी, कुळ एकच असले तरी, मुलाच्या जखमेस कदापि लावू नये.