कुत्र्याची भूल आणि तिचा उतारा
(मिरजोळे, जि. रत्नागिरी येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



आंब्याच्या बागेत माकडांवर धावणारा कुत्रा कधीतरी रानडुकराच्या अंगावर जातो आणि सुळ्याने फाटून घरी येतो. टाके घालायचे तर भूल द्यावी लागते. कुत्रीच्या नसबंदीलाही तेच. "भूल दिली आणि उठलाच नाही तर?" हे तुम्ही विचारताच, आणि ही भीती अगदीच खोटी नाही.

खेडेगावात बहुधा दोन औषधे जोडीने टोचतात. झायलाझिनने गुंगी येते व स्नायू सैल पडतात. केटामिनने वेदना कळेनाशी होते. दोन्ही १९६२ सालची. झायलाझिन तर माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी शोधले होते! या भुलीत डोळे उघडेच राहतात. कुत्रा मेला समजून रडारड करू नये. बुबुळ सुकू नये म्हणून आम्ही डोळ्यांत मलम घालतो.

झायलाझिनने नाडी मंदावते आणि पुष्कळदा उलटी होते. पोट भरलेले असेल तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. म्हणून ठरवून शस्त्रक्रिया असेल तर मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका. पिल्लांना मात्र इतके उपाशी ठेवायचे नसते, डॉक्टरांना विचारा. जखम अचानक झाली असेल तर त्याने कधी काय खाल्ले ते खरे सांगा. सकाळची भाकरी लपवलीत तर नुकसान तुमचेच.

आता उताऱ्याचे. झायलाझिनवर योहिंबिन किंवा अटिपामेझोल हा उतारा आहे. केटामिनवर उतारा नाही. ते शरीरातून आपोआपच उतरावे लागते, त्याला साधारण ३० ते ४५ मिनिटे जातात. उतारा घाईने दिला तर केटामिन एकटेच उरते, कुत्रा ताठरतो, झटके देतो. तेव्हा "लवकर उठवा, रिक्षा थांबलीय" असा लकडा डॉक्टरांमागे लावू नका. उताऱ्याने झायलाझिनचे वेदना दाबण्याचे कामही थांबते, म्हणून वेदनेचे औषध वेगळे द्यावे लागते.

घरी नेल्यावर कोरड्या गोणपाटावर कुशीवर निजवा, मान सरळ ठेवा. अंग गार पडते. पावसाळ्यात ओल्या पडवीत तर मुळीच ठेवू नका. नीट उभा राहून चालू लागेपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.