माकड मेलेले दिसल्यास त्वरित कळवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कामगंध सापळ्यात पतंग सापडू लागले की आपण सावध होतो. घाटे पोखरले जाईपर्यंत थांबत नाही. माणसांच्या रोगांवरही अशीच नजर ठेवतात. देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात उपकेंद्रापासून तापाच्या रुग्णांची माहिती वर जाते. माकडतापाची पहिली सूचना मात्र दवाखान्याआधी काजूच्या बागेत मिळू शकते.

१९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि हा विषाणुजन्य रोग उघडकीस आला. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी पालापाचोळ्यात उतरतात व माणसाला चावतात. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ; काजूचा हंगामही तेव्हाच असतो.

म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रास व वन कर्मचाऱ्यांस कळवा. तपासणीसाठी नमुना घेतात आणि भोवतालच्या ५० फूट परिसरात कीटकनाशक भुकटी धुरळतात. तोवर मजुरांना व गुरांना तिकडे जाऊ देऊ नका. बागेत अंगभर कपडे घाला. घरी येताच साबण लावून गरम पाण्याने आंघोळ करा. अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी झाल्यास दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांना बागेत गेल्याचे आवर्जून सांगा.

हंगाम बुडेल या भीतीने माकड गुपचूप पुरले, तर गोचिडी बागेतच राहतील आणि काजू वेचायला आपलीच माणसे तेथे जातील.